अंगणवाडी ते बारावी: मोबाईल-कॉम्प्युटरचं कोणत्या इयत्तेत काय आलं पाहिजे? टप्प्याटप्प्याने समजून घ्या

दहावीचा निकाल लागला की तालुक्याच्या गावी झेरॉक्सच्या दुकानांपुढे गर्दी होते. 2025-26 पासून अकरावीचे प्रवेश राज्यभर ऑनलाइन पद्धतीने होऊ लागले, त्यामुळे खेड्यातल्या प्रत्येक दहावी पास मुलाला फॉर्म भरावाच लागतो. पोरगं दिवसभर मोबाईलवर असतं, रील बनवतं, गेम खेळतं. पण फॉर्म भरायची वेळ आली की दुकानदाराच्या शेजारी स्टुलावर गप्प बसतं. गर्दीच्या घाईत फॉर्मवर दुकानदाराचाच मोबाईल नंबर पडतो. पासवर्ड कुठल्या तरी चिठ्ठीवर लिहिला जातो आणि चिठ्ठी हरवते. पुढच्या फेरीचा ओटीपी येतो तो दुकानदाराच्या फोनवर, आणि त्या दिवशी नेमकं दुकान बंद असतं. पसंतीक्रम बदलायचा राहून जातो, चांगलं कॉलेज हातचं जातं.

यात चूक एकट्या दुकानदाराची नाही. मोबाईल हाताळता येणं वेगळं आणि मोबाईलवरून आपलं काम करून घेता येणं वेगळं, हा फरक घरात आणि शाळेत वेळेवर कुणी सांगितलेला नसतो.

आकडे काय सांगतात?

प्रथम संस्थेच्या पुढाकाराने होणाऱ्या 'असर' या सर्वेक्षणाचा 2024 चा अहवाल जानेवारी 2025 मध्ये आला. तो देशभरातल्या ग्रामीण मुलांबद्दल आहे. त्यात 14 ते 16 वयोगटातल्या 82.2 टक्के मुलांनी स्मार्टफोन वापरता येतो असं सांगितलं. त्या मुलांपैकी 76 टक्के मुलांनी मागच्या आठवड्यात सोशल मीडियासाठी फोन वापरला होता, तर अभ्यासाच्या कामासाठी 57 टक्के मुलांनी. सोशल मीडिया वापरणाऱ्यांपैकी 62 टक्के मुलांना त्रास देणाऱ्याला ब्लॉक किंवा रिपोर्ट करता येत होतं, आणि 57.7 टक्के मुलांना पासवर्ड बदलता येत होता. म्हणजे दहातल्या चार पोरांच्या घराला दार आहे, पण कडी लावता येत नाही.

फोन आता घराघरात पोहोचलाय. राहिलं आहे ते शिकवणं. आणि हे शिकवणं दहावीच्या सुट्टीत एक कोर्स लावून होत नाही. पाढे आल्याशिवाय गुणाकार जमत नाही, गुणाकाराशिवाय भागाकार जमत नाही. इथंही तसंच आहे. प्रत्येक वयाची एक पायरी आहे, आणि खालची पायरी सुटली की वरची डळमळते.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण 2020 मध्ये शिक्षणाचे चार टप्पे केले आहेत: 3 ते 8 वर्षं, 8 ते 11, 11 ते 14 आणि 14 ते 18. याच टप्प्यांनी कोणत्या वयात काय शिकवायचं ते पाहू.

पहिला टप्पा: अंगणवाडी ते दुसरी (वय 3 ते 8)

या वयात कॉम्प्युटर शिकवायचा म्हणजे हातात फोन द्यायचा, असा अनेकांचा समज आहे. तो चुकीचा आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2019 च्या सूचनांनुसार दोन वर्षांखालच्या मुलांना स्क्रीन नकोच. 2 ते 4 वर्षांच्या मुलांना दिवसाला जास्तीत जास्त एक तास, आणि त्याहून कमी तर अधिक चांगलं. जेवताना फोन पुढे धरला की पोरगं पटापट जेवतं हे खरं, पण ती सवय पुढे मोडता मोडत नाही.

मग या वयात शिकवायचं काय? क्रम लावणं. कॉम्प्युटरचं सगळं काम क्रमाने दिलेल्या सूचनांवर चालतं, आणि क्रम शिकायला वीज लागत नाही.

- चहा कसा करतात ते पोराला क्रमाने सांगायला लावा. साखर आधी की पाणी आधी? एखादी पायरी विसरली तर काय होईल?
- अंगणात चौकोन आखा. एकजण 'यंत्र' होईल, दुसरा त्याला 'दोन पावलं पुढे, उजवीकडे वळ, एक पाऊल पुढे' असं सांगत विहिरीपासून घरापर्यंत नेईल. सूचना चुकली की यंत्र भलतीकडे जाणार. मग चूक कुठे झाली ते दोघांनी मिळून शोधायचं.
- चिंचोके, खडे, पानं यांची नक्षी लावून 'पुढे काय येईल' ते विचारा.

हेच पुढे जाऊन प्रोग्रामिंग होतं. एसीएम इंडिया या संस्थेने 2016 मध्ये सुरू केलेल्या 'सीएस पाठशाला' उपक्रमातही लहान मुलांना कॉम्प्युटरशिवाय असाच विचार शिकवण्यावर भर आहे.

फोनबद्दल या वयात दोनच गोष्टी अंगवळणी पडाव्यात. फोन विचारून घ्यायचा, आणि 'आता ठेव' म्हटलं की ठेवायचा. मोठ्या माणसाशेजारी बसून पिकाचा, पक्ष्याचा फोटो काढणं, आजीची गोष्ट रेकॉर्ड करून परत ऐकणं हे चालेल. त्यातून मुलाला कळतं की फोन नुसता बघायचा नसतो, त्याच्याकडून काही करूनही घेता येतं.

दुसरा टप्पा: तिसरी ते पाचवी (वय 8 ते 11)

वाचता-लिहिता येऊ लागलं की कॉम्प्युटर आणि फोन हे कामाचं साधन म्हणून हातात द्यायचं वय सुरू होतं. या टप्प्याचा मुख्य धडा म्हणजे टायपिंग आणि शोधणं.

सोलापूर जिल्ह्यातल्या माढा तालुक्यातली परितेवाडीची जिल्हा परिषद शाळा इथं आठवते. तिथले शिक्षक रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकात क्यूआर कोड आणले. कोड स्कॅन केला की कविता ऐकता येते, व्हिडिओ पाहता येतो. त्यांना 2020 चा ग्लोबल टीचर प्राइज मिळाला. आज बालभारतीच्या पुस्तकांवर क्यूआर कोड छापलेला असतो, तो 'दीक्षा' ॲपने उघडतो. हे ॲप 2017 पासून आहे आणि मोफत आहे. अनेक घरांत मात्र पुस्तक आहे, फोन आहे, पण तो कोड एकदाही स्कॅन झालेला नाही.

पाचवी संपेपर्यंत मुलाला हे जमलं पाहिजे:

- मराठीत टाइप करणं. आपलं नाव, गावाचं नाव आणि पाच-सहा ओळींचा निबंध. बोलून टाइप करता येतं, पण जोडाक्षरं हाताने टाइप केल्याशिवाय पक्की होत नाहीत.
- पुस्तकातला क्यूआर कोड स्वतः स्कॅन करून धडा उघडणं.
- गूगलवर नेमका प्रश्न टाकणं. 'पाऊस' असं टाकण्यापेक्षा 'पाऊस कसा पडतो' असं टाकलं की उत्तर बरं मिळतं.
- कुठली जाहिरात आणि कुठली माहिती हे ओळखणं.
- काढलेला फोटो, लिहिलेला निबंध नाव देऊन ठेवणं आणि दोन दिवसांनी पुन्हा शोधून काढणं.
- आईचा किंवा वडिलांचा मोबाईल नंबर तोंडपाठ असणं.

शेवटून दुसरा मुद्दा किरकोळ वाटतो, पण मोठ्या माणसांचं सुद्धा इथंच अडतं. 'डाउनलोड झालं, पण गेलं कुठे?' हा प्रश्न सेतू केंद्रात रोज ऐकू येतो. फाईल म्हणजे काय, फोल्डर म्हणजे काय हे पाचवीत कळलं तर पुढे अडचण येत नाही.

नवोदय विद्यालयाच्या सहावीच्या प्रवेश परीक्षेचा फॉर्म पाचवीतच ऑनलाइन भरावा लागतो. तो भरताना मुलाला शेजारी बसवा. आपलं नाव, जन्मतारीख, शाळेचं नाव त्याने स्वतः वाचून तपासावं. फॉर्मशी पहिली ओळख इथं होऊ द्या.

तिसरा टप्पा: सहावी ते आठवी (वय 11 ते 14)

हा सगळ्यात महत्त्वाचा आणि सगळ्यात दुर्लक्षित टप्पा. याच वयात पोरं फोनवर एकटी बसू लागतात. घरचे म्हणतात, 'त्याला आमच्यापेक्षा जास्त कळतं.' बटणं जास्त कळत असतील, धोका मात्र कळत नाही.

*करायला शिकणं:* शैक्षणिक धोरणाने याच टप्प्यात कोडिंगची ओळख सुचवली आहे. त्यासाठी स्क्रॅच हे मोफत साधन चांगलं आहे. अमेरिकेतल्या एमआयटीने 2007 मध्ये ते आणलं. त्यात रंगीत ठोकळे एकमेकांना जोडून गोष्ट किंवा खेळ बनवता येतो, आणि एकदा कॉम्प्युटरवर टाकलं की इंटरनेटशिवायही चालतं. अंगणात 'दोन पावलं पुढे, उजवीकडे वळ' खेळलेल्या मुलाला स्क्रॅच परकं वाटत नाही. तोच खेळ आता पडद्यावर असतो.

*मोजायला शिकणं:* एक्सेलसारख्या तक्त्यात माहिती भरणं याच वयात यावं. विषय गावातलाच घ्यावा. शाळेच्या आवारात बाटलीचं पर्जन्यमापक लावून रोजचा पाऊस, पोषण आहाराच्या दिवशीची पटसंख्या, घरच्या दुधाचं डेअरीवरचं माप आणि फॅट. महिनाभर आकडे भरले की बेरीज, सरासरी आणि आलेख आपोआप निघतो. डेअरीच्या पावत्या आणि आपला तक्ता जुळतो का, हे पोरानं घरी दाखवलं की बापालाही कॉम्प्युटरचा उपयोग पटतो.

*सांभाळायला शिकणं:* व्हॉट्सॲप आणि इन्स्टाग्राम यांच्या नियमानुसार खातं काढायला किमान 13 वर्षं वय लागतं. स्वतःचं गूगल खातंही 13 नंतरच काढता येतं, त्याआधी पालकांच्या देखरेखीखालचं. 2023 च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात तर 18 वर्षांखालची व्यक्ती बालकच धरली आहे. वय खोटं टाकून खातं काढून देणारे बहुतेक वेळा घरचेच असतात, हे ध्यानात घ्यावं.

आठवी संपेपर्यंत हे पक्कं हवं:

- ओटीपी, पासवर्ड आणि यूपीआय पिन कुणालाही सांगायचा नाही.
- पैसे *घेण्यासाठी* कधीच पिन टाकावा लागत नाही. पिन मागितला म्हणजे पैसे आपल्या खात्यातून जाणार.
- व्हॉट्सॲपवर लग्नपत्रिका, वाहनाचं चलन किंवा योजनेची यादी म्हणून आलेली 'एपीके' फाईल उघडायची नाही.
- अनोळखी माणसाला फोटो पाठवायचा नाही. कुणी धमकावलं तर मेसेज डिलीट न करता घरी दाखवायचा, मग ब्लॉक करायचं.
- आलेला मेसेज पुढे ढकलण्याआधी तो खरा आहे का, दुसऱ्या ठिकाणी पाहायचं.

फसवणूक झाली तर 1930 या सायबर हेल्पलाइनवर लगेच फोन करावा. जितक्या लवकर फोन, तितकी पैसे थांबवण्याची शक्यता जास्त. मुलांवरच्या कुठल्याही संकटासाठी 1098 ही चाइल्डलाइन आहे. हे दोन्ही नंबर वर्गात फळ्याच्या कोपऱ्यात कायम लिहून ठेवण्यासारखे आहेत.

आणखी एक. पोरगं चूक सांगायला आलं तर आधी ओरडू नये. 'फोनच काढून घेतील' या भीतीने मुलं गप्प बसतात, आणि फसवणाऱ्याला तेच हवं असतं.

चौथा टप्पा: नववी-दहावी (वय 14 ते 16)

आता शिकलेलं घरच्या खऱ्या कामाला लावायचं. या दोन वर्षांत मुलानं घरातला 'कारभारी' व्हावं.

ई-पीक पाहणी 2021 पासून राज्यभर ॲपवर होते. शेतात उभं राहून पिकाची नोंद करायची आणि फोटो टाकायचा. गावात अनेक वयस्कर शेतकरी त्यासाठी कुणाची तरी वाट पाहत बसतात आणि मुदत निघून जाते. नववीचं पोर आजोबांना घेऊन शेतात गेलं तर हे काम होऊन जातं. महाभूलेखवर सातबारा पाहणं, गट नंबर वाचणं, नावात चूक आहे का बघणं हेही याच वयात जमतं. फक्त एक अट: आजोबांना विचारून, त्यांना दाखवून करायचं. त्यांचा ओटीपी म्हणजे त्यांची सही आहे.

दहावी संपेपर्यंत हे यायलाच हवं:

- स्वतःचा ई-मेल. पासवर्ड कुठेतरी चिठ्ठीवर नको, घरच्या वहीत सुरक्षित लिहिलेला हवा.
- मोबाईलने कागद स्कॅन करून पीडीएफ करणं.
- फोटो आणि सही फॉर्मवर मागितलेल्या केबीमध्ये बसवणं.
- डिजिलॉकर उघडून त्यात मार्कशीट घेणं.
- आधार, शाळेचा दाखला आणि मार्कशीट यांवरच्या नावाचं स्पेलिंग जुळतं का तपासणं. फरक असेल तर दहावीच्या आधीच दुरुस्तीला लागणं.
- फॉर्मवर नेहमी स्वतःचा किंवा घरचा नंबर टाकणं, भरलेल्या फॉर्मची पीडीएफ जपून ठेवणं.

एवढं जमलं की झेरॉक्सच्या दुकानात गेलं तरी हरकत नाही. प्रिंट काढायला जावं, नशीब त्याच्या हातात देऊन येऊ नये.

पाचवा टप्पा: अकरावी-बारावी (वय 16 ते 18)

आता प्रश्न पोटापाण्याचा. एमएचटी-सीईटी, जेईई मेन या परीक्षा कॉम्प्युटरवर होतात. 2023 ची तलाठी भरतीची परीक्षाही कॉम्प्युटरवरच झाली. ज्यानं माऊस कधी नीट धरलाच नाही, त्याची पहिली दहा मिनिटं घाबरण्यातच जातात. अभ्यास असूनही मार्क जातात.

पुढे कोणते रस्ते आहेत?

- *अकरावी-बारावीत माहिती तंत्रज्ञान, म्हणजे आयटी विषय:* कला, वाणिज्य, विज्ञान तिन्ही शाखांना घेता येतो, कॉलेजात तो असला पाहिजे. बोर्डाची परीक्षाही कॉम्प्युटरवर होते.
- *आयटीआयचा कोपा ट्रेड:* कॉम्प्युटर ऑपरेटर आणि प्रोग्रामिंग असिस्टंट. दहावी पास लागतं, मुदत एक वर्ष.
- *एमएस-सीआयटी:* अनेक सरकारी पदांसाठी लागणारा प्राथमिक कोर्स.
- *शासकीय संगणक टायपिंग परीक्षा:* लिपिक-टंकलेखक पदासाठी मराठी 30 किंवा इंग्रजी 40 शब्द प्रति मिनिट लागतात. पाचवीपासून मराठी टायपिंगचा हात असलेल्याला हे सोपं जातं.

एआय आता प्रत्येक फोनमध्ये आहे. ते वापरू नका म्हणून चालणार नाही. नियम एवढाच: न समजलेलं समजावून घ्यायला विचारा, उत्तर पुस्तकाशी ताडून पाहा, आणि गृहपाठ त्याच्याकडून लिहून घेऊ नका. एआय चुकीचं उत्तरही तेवढ्याच ठामपणे देतं. ते चूक आहे हे ज्याला ओळखता येतं, त्यालाच त्याचा फायदा होतो.

शाळेत कॉम्प्युटर एकच असेल तर?

बहुतेक गावांची हीच अडचण. पण एका कॉम्प्युटरवरही शिकवता येतं. चार-चार मुलांचे गट करावेत. एकाच्या हातात माऊस, दुसरा सूचना सांगणार, तिसरा वहीत लिहिणार, चौथा चूक शोधणार, आणि दर दहा मिनिटांनी बदल. बाकीचे गट तोपर्यंत कागदावर क्रम लावतील. वीज नसेल त्या दिवशी अंगणातला खेळ आहेच.

कॉम्प्युटर कपाटात कुलूपबंद असेल तर मात्र विचारलं पाहिजे. शिक्षण हक्क कायद्यानुसार शाळा व्यवस्थापन समितीत तीन-चतुर्थांश सदस्य पालक आणि निम्म्या महिला असतात. या समितीच्या बैठकीत तीन प्रश्न जरूर मांडावेत: कॉम्प्युटर चालू किती आणि बंद किती? प्रत्येक वर्गाला आठवड्यातून किती वेळ मिळतो? यावर्षी मुलांनी स्वतः काय बनवलं? दुरुस्ती, बॅटरी किंवा इंटरनेट लागणार असेल तर ते ग्रामपंचायतीच्या विकास आराखड्यात घेण्याची मागणी ग्रामसभेत करता येते. सहावी ते बारावीच्या शाळांसाठी केंद्राची अटल टिंकरिंग लॅब योजनाही आहे. 2025 च्या अर्थसंकल्पात पाच वर्षांत सरकारी शाळांमध्ये 50 हजार लॅब उभारण्याचं जाहीर झालं आहे.

मुलींच्या वाट्याला फोन येतो का?

'असर' 2024 नुसार 14 ते 16 वयोगटातल्या स्मार्टफोन वापरता येणाऱ्या मुलांपैकी 36.2 टक्के मुलांकडे स्वतःचा फोन होता, मुलींमध्ये हे प्रमाण 26.9 टक्के. घरात फोन एकच असेल तर तो आधी भावाकडे जातो आणि मुलगी भांडी आटोपेपर्यंत बॅटरी संपलेली असते. अकरावीचा फॉर्म मात्र तिलाही भरायचा असतो, सीईटीही द्यायची असते. उपाय साधा आहे. फोनची वेळ ठरवून भिंतीवर लिहावी, आणि तिचा वेळ तिलाच मिळावा.

आई-वडिलांना स्वतःला येत नसेल तर?

तरी अडत नाही. रोज पंधरा मिनिटं शेजारी बसावं आणि विचारावं, 'आज फोनवर काय केलंस, मला करून दाखव.' दाखवताना पोराचं शिकणं पक्कं होतं, आणि काही लपवण्यासारखं असेल तर तेही कळतं.

घरच्या घरी परीक्षा घ्या

पोरगं कोणत्या पायरीवर आहे हे पाहायचं असेल तर वयाप्रमाणे एकच काम सांगा आणि मदत न करता बघा.

- दुसरीतलं मूल: 'फोन ठेव' म्हटल्यावर ठेवतं का?
- पाचवीतलं: पुस्तकातला कोड स्कॅन करून धडा उघडतं का?
- आठवीतलं: 'पिन टाका, पैसे मिळतील' असा मेसेज दाखवला तर काय म्हणतं?
- दहावीतलं: आधारची पीडीएफ करून स्वतःच्या ई-मेलवर पाठवतं का?
- बारावीतलं: शिष्यवृत्तीचा महाडीबीटीचा अर्ज स्वतः उघडून त्याची स्थिती सांगतं का?

जमलं नाही तर रागावू नये. जी पायरी सुटली आहे तिथूनच सुरुवात करावी, मग पोरगं दहावीत असलं तरी फाईल-फोल्डरपासून. पंधरा दिवसांत फरक दिसतो. पुढच्या जूनमध्ये फॉर्म भरायची वेळ येईल तेव्हा ओटीपी घरच्याच फोनवर आला पाहिजे.